भरती दिवसातून दोनदा का येते? चंद्र तर एकच आहे

पुन्हा बाकावर

चंद्र समुद्राचं पाणी ओढतो म्हणून भरती येते हे शाळेपासून ऐकत आलोय आणि त्यावर कधी शंका घेतली नाही. पण मुलीच्या अकरावीच्या निमित्ताने गुरुत्वाकर्षणाचा धडा परत उघडला आणि तिथेच गाडी अडली. चंद्र ओढतो तर चंद्राच्या बाजूला पाणी फुगणार, कबूल. पृथ्वी चोवीस तासात स्वतःभोवती एक फेरी मारते म्हणजे आपण त्या फुगवट्याखालून दिवसातून एकदा जाणार, म्हणजे भरती एकदाच. प्रत्यक्षात येते दोनदा, साधारण १२ तास २५ मिनिटांनी. चित्रात पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूलाही तेवढाच फुगवटा काढलेला असतो आणि खाली एक ओळ, की तिकडेही भरती येते. का येते ते गुलदस्त्यात.

दुसरा प्रश्न त्याहून डोक्याला ताप. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १७८ पट जोरात ओढतो (दोघांचं वस्तुमान आणि अंतर टाकून स्वतः काढलं, बरोबर येतं). मग भरती सूर्याच्या तालावर का नाही? लोक तिथी बघून भरतीची वेळ सांगतात ती कशी काय?

नेटवर तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली आणि तिन्ही एकमेकांशी भांडतात. आकडेमोड चालेल, उलट आवडेल. कॅल्क्युलस जरा जपून.

धूमकेतू७१

सोप्पं आहे हो. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो असं आपण म्हणतो पण खरं दोघंही आपल्या सामायिक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. तो मध्य पृथ्वीच्या पोटातच आहे, केंद्रापासून ४,६७० किमीवर, चंद्राच्या बाजूला. म्हणजे पलीकडची बाजू त्या मध्यापासून जास्त लांब, तिथे केंद्रोत्सारी बल जास्त, पाणी बाहेर फेकलं जातं. अलीकडे चंद्राची ओढ, पलीकडे केंद्रोत्सारी. झाले दोन फुगवटे. विषय संपला.

उगाच

विषय संपला म्हणाले की ओळखायचं, धागा शंभरी गाठणार.

फळा आणि खडू

धूमकेतूराव, हे उत्तर बऱ्याच छापील पुस्तकांतही सापडतं, आणि तरी ते चुकीचं आहे. त्यात पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं आणि त्या सामायिक मध्याभोवती फिरणं या दोन गोष्टींची सरमिसळ होते. गिरकी बाजूला ठेवा क्षणभर. गिरकी न घेता पृथ्वी नुसती त्या मध्याभोवती फिरली तर तिच्यावरचा प्रत्येक बिंदू सारख्याच त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो, ४,६७० किमीच्याच. फक्त प्रत्येकाच्या वर्तुळाचं केंद्र वेगळं. कागदावर एक रुपया ठेवा आणि त्यावरचा सिंह फिरू न देता रुपया वर्तुळात सरकवा, लगेच दिसेल. म्हणजे केंद्रोत्सारी बल सगळीकडे सारखं, एकाच दिशेला. जे सगळीकडे सारखं आहे त्याने फुगवटा कसा येईल?

आणि हे पटत नसेल तर असं समजा की पृथ्वी फिरतच नाहीये, सरळ चंद्राच्या दिशेने पडत चाललीये. फेरीच नाही म्हणजे केंद्रोत्सारीही नाही. फुगवटे तरीही दोनच येतात.

आता आकडे. चंद्रामुळे मिळणारं त्वरण, एकक मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि प्रत्येक आकड्यापुढे "गुणिले दहाचा उणे पाचवा घात" धरा.

पृथ्वीच्या चंद्राकडच्या टोकाला: ३.४३
पृथ्वीच्या केंद्राशी: ३.३२
पलीकडच्या टोकाला: ३.२१

सगळी पृथ्वी एकसंध म्हणून ३.३२ ने चंद्राकडे पडते आहे. आपणही तिच्याबरोबर पडतोय म्हणून ते आपल्याला जाणवत नाही. जाणवतो तो फरक. अलीकडच्या पाण्याला ०.११ जास्त, पलीकडच्याला ०.११ कमी. दिंडीत तिघं एका ओळीत चाललेत, पुढचा भरभर, मधला मध्यम, मागचा रेंगाळत. मधल्याच्या नजरेने बघितलं तर दोघंही त्याच्यापासून लांब चाललेत, एक पुढच्या अंगाला, एक मागच्या. मागच्याला कुणी मागे ढकललेलं नाही. तो नुसता मागे राहिलाय.

पलीकडचं पाणी असं मागे राहतं. दोन्ही फरक जवळजवळ सारखे म्हणून दोन्ही फुगवटे जवळजवळ सारखे.

पुन्हा बाकावर

मास्तर, दंडवत घ्या. हे तीन आकडे कुणी आधी दाखवले असते तर. मी लगेच वही काढून स्वतः काढले, तुमचेच आले.

आणि आता सूर्याचंही लागलं बहुतेक. फरकच महत्त्वाचा असेल तर सूर्य इतका लांब आहे की त्याच्या लेखी पृथ्वीची अलीकडची आणि पलीकडची बाजू जवळपास एकाच अंतरावर. ओढ जोरदार पण दोन्हीकडे जवळपास सारखी. असंच ना?

फळा आणि खडू

अगदी असंच. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते, ओढीतला फरक घनाने. त्यामुळे तुमचा तो १७८ घ्या, आणि सूर्य चंद्रापेक्षा किती पट लांब आहे तो आकडा घ्या, सुमारे ३८९. भागा. ०.४६ येतं. सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहून थोडी कमी. एका भागाकारात उत्तर.

तिसरं वर्ष

वा, हा भागाकार मला तीन वर्षांत कुणी दाखवला नव्हता. आमच्याकडे टेलर सीरीज लिहितात, पहिली टर्म ठेवतात, बाकीच्या सोडतात आणि पुढचा धडा.

मास्तर एक भर टाकू का. "चंद्र पाणी वर उचलतो" हे सुद्धा गोंधळाचं आहे. तो ०.११ वाला फरक पृथ्वीच्या स्वतःच्या गुरुत्वत्वरणाचा साधारण ९० लाखावा भाग आहे, तेवढ्याने पाणी काय डोंबल उचललं जाणार. खरं काम आडव्या घटकाचं. चंद्र बरोबर डोक्यावरही नाही आणि क्षितिजावरही नाही अशा मधल्या पट्ट्यात फरकाचं बल जमिनीला समांतर लागतं आणि आडव्या दिशेला त्याला अडवायला गुरुत्वाकर्षण नसतं. तिथलं पाणी घसरत घसरत चंद्राखाली आणि त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला गोळा होतं.

खाडीपलीकडे

मास्तर आणि ताई, वाचतोय. फिजिक्स मला दहावीपुरतंच, पण आमच्या घरात तीन पिढ्या होडी आहे रायगडच्या किनाऱ्याला, तर भरतीबद्दल थोडं मीपण बोलू शकतो.

आमच्याकडं वर्षानुवर्षांचा हिशोब असा. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ४ त्रिक १२, भागिले ४, तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहा वाजता. शुद्ध असो की वद्य, सारखंच. सुकती, म्हणजे ओहोटी, त्याच्यानंतर सहा तासांनी. पौर्णिमा अमावस्येला उधाण, पाणी चढतं पण भरपूर आणि आटतं पण भरपूर. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा धड भरती नाही की धड सुकती नाही.

माझा प्रश्न दुसराच आहे. चंद्र एकच, समुद्र एकच. गोव्याला उधाणात पाणी दोनेक मीटर वरखाली होतं, मुंबईला पाच मीटरच्या घरात जातं, आणि भावनगरच्या बाजूला दहा मीटरच्या वर. तिथं म्हणूनच तर अलंगला भरतीच्या पाण्यावर अख्खी जहाजं किनाऱ्यावर चढवतात तोडायला. गोव्याला भरती मुंबईच्या आधी येते. हे तुमच्या फुगवट्यात कसं बसवणार? चंद्र काय गुजरातवर जास्त माया करतो काय.

उगाच

शेवटच्या वाक्यावर राजकीय प्रतिसाद द्यायचा मोह आवरतोय.

धूमकेतू७१

हाच तर मुद्दा आहे, फुगवटा थिअरी एवढी बरोबर असती तर सगळीकडे सारखी भरती आली असती. तुम्ही माझं केंद्रोत्सारी खोडलंत पण तुमचंही चित्र काही खरं दिसत नाही.

फळा आणि खडू

बल कुठून येतं हे चित्र सांगतं, आणि तेवढं ते बरोबर आहे. ते बल मिळाल्यावर पाणी पुढे काय करतं याबाबतीत ते चित्र खोटं आहे. धूमकेतूराव, इथे तुमच्याशी सहमत.

तिसरं वर्ष, एक गणित घालतो. समुद्राची सरासरी खोली ४ किमी धरा. एवढ्या खोलीत लांब लाटेचा जास्तीत जास्त वेग किती? आणि चंद्राखालचा बिंदू विषुववृत्तावरून किती वेगाने पळतो? दोन्ही काढा आणि शेजारी शेजारी ठेवा.

तिसरं वर्ष

लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले खोली याचं वर्गमूळ. ९.८ गुणिले ४०००, वर्गमूळ साधारण १९८ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ७०० किमीच्या आसपास.

चंद्राखालचा बिंदू: परीघ ४०,०७५ किमी, भागिले २४ तास ५० मिनिटं (चंद्रही रोज थोडा पुढे सरकतो म्हणून २४ नाही), ताशी १,६०० च्या वर.

अरे! म्हणजे फुगवट्याला चंद्राखाली राहायचं असेल तर त्याला स्वतःच्या वेगाच्या दुप्पटीहून जास्त पळावं लागेल. शक्यच नाही. आणि मध्ये आफ्रिका अमेरिका आडव्या आहेत ते वेगळंच. मग तो पुस्तकातला लंबगोल समुद्र कुठेच नाहीये?

फळा आणि खडू

कुठेच नाही. न्यूटनने १६८७ मध्ये बल कुठून येतं ते सांगितलं, ते आजही जसंच्या तसं. पण पाणी त्या बलाला कसा प्रतिसाद देतं याची समीकरणं फ्रेंच गणिती लाप्लासने मांडली, १७७५-७६ च्या सुमारास. आपली पुस्तकं न्यूटनपाशी थांबतात म्हणून हा सगळा घोळ.

प्रत्यक्षात काय होतं, तर चंद्र दर १२ तास २५ मिनिटांनी समुद्राला एक धक्का देतो आणि प्रत्येक समुद्र आपापल्या आकाराप्रमाणे, खोलीप्रमाणे हिंदकळतो. पृथ्वीच्या गिरकीमुळे हे हिंदकळणं सरळ रेषेत न राहता गोल फिरायला लागतं. समुद्रात काही बिंदू असे असतात की तिथे चांद्र भरती जवळपास शून्य, आणि भरतीची लाट त्या बिंदूंभोवती चक्कर मारत असते. न्यूझीलंडभोवती तर ती लाट आख्ख्या देशाला प्रदक्षिणा घालते. एका किनाऱ्याला भरती असते तेव्हा दुसऱ्या किनाऱ्याला ओहोटी. चंद्र दोघांच्याही डोक्यावर जवळपास सारखाच.

खाडीपलीकडे भाऊंच्या प्रश्नाकडे येतो. नुसत्या बलाचा हिशोब केला तर खोल समुद्रात चंद्राची भरती अर्ध्या मीटरच्या आसपास येते, सूर्याची त्याच्या निम्म्याहून कमी. मुंबईचे पाच मीटर त्यातून निघणारच नाहीत. आपल्या पश्चिम किनाऱ्याला भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते म्हणून गोवा आधी, मुंबई नंतर. किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा केरळकडे अरुंद आणि मुंबई-गुजरातसमोर चांगलाच रुंद आहे. उथळ पाण्यात लाट मंदावते आणि उंच होते. त्यापुढे खंबातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, पाण्याला बाजूला जायला जागाच उरत नाही.

अटलांटिककाठ

कॅनडातल्या बे ऑफ फंडीत हेच, फक्त आणखी टोकाचं. तिथे १६ मीटरपर्यंत फरक जातो, म्हणजे पाचमजली इमारत. कारण त्या आखाताचा स्वतःचा हिंदकळण्याचा काळ चंद्राच्या साडेबारा तासांच्या जवळपास जुळतो. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिला... असो, बाकी सगळ्यांना माहितीये. आणि याच्या उलट ग्रेट लेक्स, समुद्रासारखे दिसतात पण भरती ५ सेंटिमीटरपेक्षाही कमी. वाऱ्यानेच पाणी त्याहून जास्त हलतं.

पुन्हा बाकावर

म्हणजे रंकाळ्याला भरती का येत नाही याचं उत्तर हेच. तलावाच्या या टोकाला आणि त्या टोकाला चंद्राच्या ओढीत फरक पडायला तलाव तेवढा मोठा तर पाहिजे.

पण मास्तर एक शंका. फुगवटा नाहीच, तर मग भाऊंचं तिथीचं सूत्र कसं चालतं? पौर्णिमेला ते सूत्र सव्वाअकरा देतं, म्हणजे साधारण दुपारी आणि मध्यरात्री. पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्रीच डोक्यावर असतो. मुंबईत तर चंद्र डोक्यावर आला की भरती येते असंच झालं की, अगदी फुगवट्याच्या चित्रासारखं.

फळा आणि खडू

योगायोग. मुंबईत चंद्र मध्यावर येणं आणि भरती येणं जवळपास एकत्र पडतं, हा अरबी समुद्राच्या आकाराचा आणि किनाऱ्याचा हिशोब आहे. प्रत्येक बंदराचा हा उशीर वेगळा. दुसऱ्या बंदरात जाऊन बघा, चंद्र माथ्यावर आणि समोर सुकती असंही दिसेल. मला तर वाटतं मुंबईत फिजिक्स शिकवणाऱ्यांची या योगायोगाने फार सोय आणि फार दिशाभूल केली. चित्र पडताळून बघायला चौपाटीवर गेलं तर ते खरंच निघतं!

तिसरं वर्ष

मी ते पाऊणपटीचं सूत्र तपासलं. एका चांद्रमासात भरती पूर्ण २४ तास मागे सरकते, आणि मासात तिथ्या ३०. म्हणजे एका तिथीला सरासरी ४८ मिनिटं. सूत्र देतं ४५. म्हणजे खरं तर चार पंचमांश हवं, तीन चतुर्थांश नाही. दर तिथीला ३ मिनिटांची चूक, पंधरा तिथ्यांत पाऊण तास. म्हणूनच सूत्राने पौर्णिमेला सव्वाअकरा आणि लगेच प्रतिपदेला पाऊण, एकदम दीड तासाची उडी, असं कसं होईल.

खाडीपलीकडे

ताई, गणित तुमचं बरोबर असेल पण होडीत बसून चार भागिले पाच कोण करतंय, तीन चोक बोटावर होतं. आणि प्रतिपदा ते चतुर्थी पाऊणच बरोबर पडतो आमचा, शपथेवर सांगतो. पुढं एकादशीनंतर सूत्र थोडं आधीची वेळ सांगतं, अर्धा तास वगैरे, ते आम्ही मनातच धरतो.

तिसरं वर्ष

थांबा थांबा, हे तर भारीच आहे. रोजचा उशीर सारखा नसतोच. उधाणाच्या आसपास तो पाऊण तास किंवा त्याहूनही कमी असतो आणि भांगाच्या आसपास तासाच्या वर जातो. कारण आपल्याला दिसते ती चंद्र आणि सूर्य दोघांच्या भरतीची बेरीज. सूर्याची भरती रोज ठरल्या वेळी, मुंबईपुरतं बारा धरा. चंद्राची रोज मागे मागे सरकत जाते. पौर्णिमेनंतर पहिले काही दिवस सूर्य त्या बेरजेला बाराकडे खेचून ठेवतो, म्हणून उशीर कमी. अष्टमी उलटली की सूर्याची पुढची भरती जवळ येते आणि ती बेरजेला उलट पुढे खेचते, म्हणून चंद्रापेक्षा उशीर. म्हणजे पंधरवड्याच्या सुरुवातीला तुमचा पाऊण माझ्या चार पंचमांशापेक्षा जास्त बरोबर आणि शेवटी थोडा लवकरचा. जे तुम्ही मनात धरता तेच.

पुस्तकात या गोष्टीला एक अख्खा परिच्छेद आहे आणि मी तो परीक्षेला ऑप्शनला टाकला होता.

फळा आणि खडू

वाचनखूण साठवली. पुढच्या वर्षी कुणाला शिकवायचा योग आला तर हे असंच सांगणार. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ केल्विनने १८७२ मध्ये भरतीचं भाकीत करणारं यंत्र बनवलं, चाकं, कप्प्या आणि त्यावरून ओवलेली एकच दोरी. प्रत्येक कप्पी एका घटकाची, एक चंद्राची, एक सूर्याची, एक चंद्राच्या कमी-जास्त अंतराची, आणि दोरीचं टोक सगळ्यांची बेरीज कागदावर काढत जातं. आज कॉम्प्युटर हीच बेरीज करतो. आणि कप्प्या किती वर-खाली व्हायच्या हे सिद्धांतावरून काढता येत नाही, त्या त्या बंदरात पाण्याची पातळी मोजावी लागते. मुंबईत अपोलो बंदरावरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत.

चांदणवेडी

एवढं सगळं वाचलं, छान माहिती. पण कुणीच हे कसं म्हणालं नाही की माणसाच्या शरीरात साधारण ६० टक्के पाणी आहे. चंद्र एवढा समुद्र हलवतो तर आपल्यावर परिणाम होणारच ना? पौर्णिमेला मन अस्वस्थ होतं हे आपल्या आज्या उगाच नाही सांगत.

उगाच

आला, आला. वाटच बघत होतो.

तिसरं वर्ष

ताई, रागावू नका, पण वर रंकाळ्याचं आलंय बघा. समुद्र हलतो तो पाणी आहे म्हणून नाही, तो हजारो किलोमीटर पसरलाय म्हणून. तुमच्या डोक्यापासून पायापर्यंत चंद्राच्या ओढीत फरक पडतो तो दहाच्या उणे तेराव्या घातातला, मीटर प्रति सेकंद वर्ग मध्ये साधारण ३. आता गंमत बघा, हातातला २०० ग्रॅमचा मोबाईल चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर धरलात तर त्याच्या ओढीतला फरक मीटरमागे चंद्राच्या हजारो पट येतो. घनाने कमी होतं ना, त्यामुळे जवळची चिल्लर वस्तू लांबच्या चंद्राला हरवते. भरतीच्या हिशोबाने मन अस्वस्थ होत असेल तर आधी मोबाईल खाली ठेवायला पाहिजे.

चांदणवेडी

मोबाईलने मन अस्वस्थ होतं हे मात्र शंभर टक्के खरं आहे. :)

पण झोप? पौर्णिमेला मला खरंच झोप लागत नाही.

फळा आणि खडू

उजेड असतो हो ताई बाहेर. पडदा लावून बघा. हलके घ्या.

धूमकेतू७१

अवांतर, पण जमिनीलासुद्धा भरती येते हे माहितीये का कुणाला? खडक कडक असला तरी थोडा लवचिक असतोच, आपल्या पायाखालची जमीन दिवसातून दोनदा काही डेसिमीटर वरखाली होते, सगळंच एकदम होतं म्हणून कळत नाही. जिनिव्हाजवळ २७ किमी परिघाचा जो जुना इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडर (कणांची टक्कर घडवणारं यंत्र) होता, त्याचा परीघ या जमिनीच्या भरतीने सुमारे १ मिलिमीटरने बदलायचा आणि शास्त्रज्ञांना बीमच्या ऊर्जेत चंद्र दिसायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. २७ किमीत एक मिलिमीटर!

पुन्हा बाकावर

हे जबरी आहे धूमकेतूकाका. मुलीला वाचून दाखवलं तर म्हणे परीक्षेत येणार आहे का.

उगाच

मुलगी हुशार आहे.

अटलांटिककाठ

यातच आणखी एक. भरतीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी मंदावते, दिवस शतकाला सुमारे दोन मिलिसेकंदांनी मोठा होतो, आणि तो फिरण्याचा संवेग (कोनीय संवेग) चंद्राला मिळून चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातो. अपोलोच्या लोकांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे मोजलंय.

खाडीपलीकडे

मास्तर, अजून एक राहिलं. आमच्याकडं सगळ्यांना माहिती आहे की पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी आणि हिवाळ्यात रात्रीची मोठी. उधाण दोन्हीकडं सारखंच पाहिजे ना, दोन फुगवटे सारखे म्हणालात. मग हे काय? पावसाचा संबंध असेल असं वाटायचं, पण हिवाळ्यात रात्री कुठला पाऊस.

पुन्हा बाकावर

मास्तर थांबा, मला करून बघू द्या. मी अख्खी दुपार घालवली यावर, बायको म्हणते रविवार आहे म्हणून सोडतेय.

चंद्र कायम विषुववृत्तावर नसतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात सूर्य उत्तरेकडे असतो. अमावस्येला चंद्र सूर्याच्याच बाजूला म्हणजे तोही उत्तरेकडे, आणि तो माथ्यावर येतो दुपारी. म्हणजे दुपारची बाजू उत्तरेकडे झुकलेली, आपण १९ अंश उत्तरेला, दिवसाची भरती मोठी. आता पौर्णिमा. चंद्र सूर्याच्या विरुद्ध म्हणजे दक्षिणेकडे, मध्यरात्री माथ्याकडे येतो, पण त्याच्या बाजूचा फुगवटा दक्षिण गोलार्धात. त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूचा फुगवटा उत्तरेत पडणार, आणि ती वेळ दुपारची. म्हणजे अमावस्या असो की पौर्णिमा, पावसाळ्यात दिवसाचीच मोठी! हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला, सगळं उलटं, रात्रीची मोठी.

आणि यातली पौर्णिमेची दुपारची जी मोठी भरती आहे ना, ती पलीकडच्या फुगवट्याची. ज्याच्यावरून हा धागा काढला तोच.

फळा आणि खडू

पूर्ण गुण. एवढंच लक्षात ठेवा की फुगवटा म्हणताना आपण बलाचं चित्र वापरतोय, पाण्याचं नाही. दिवसातून एकदा येणाऱ्या घटकाचा उशीर बंदराप्रमाणे वेगळा असतो, मुंबईत तो सोयीचा पडतो म्हणून हे असं सरळ निघालं. पावसाळ्यात मुंबई महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते त्या यादीत वेळा बघा, बहुतेक दुपारी बाराच्या पुढेमागे. त्याच वेळी धो धो पाऊस आला की नाल्यांचं पाणी समुद्रात जायला वाटच राहत नाही.

गडवाट चुकलेला

उशिरा आलो, पण कामाचं विचारतो. येत्या शनिवारी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात सुकतीला चालत जायचा बेत आहे. नवमी आहे. सूत्राने ९ त्रिक २७ भागिले ४, पावणेसात. म्हणजे सुकती एकच्या सुमारास, जेवून आरामात निघालं तर चालेल ना?

खाडीपलीकडे

दादा, वेळ बरोबर काढलीत पण दिवस चुकलाय. नवमी म्हणजे भांग. पाणी पुरतं आटतच नाही, अर्ध्या वाटेत कमरेएवढं लागलं तर काय कराल. पुढच्या त्रयोदशीला जा. सूत्र म्हणेल पावणेदहा, पण पंधरवड्याचा शेवट आहे तर सव्वादहा धरा, म्हणजे सुकती साडेचारच्या आत. तीनच्या दरम्यान आत शिरायचं, साडेपाचला काही झालं तरी बाहेर. आणि निघायच्या आधी छापील भरतीचं वेळापत्रक बघाच, किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला पण विचारा, तो आमच्या सूत्रापेक्षा आणि मास्तरांच्या लाप्लासपेक्षा भरवशाचा.

गडवाट चुकलेला

त्रयोदशी बुधवारी येतेय. बॉसला काय सांगू?

उगाच

सांगा की चंद्र मागे राहिलाय.